गुणगौरवानंतर मुलांचा हात सोडू नका: मुंबईतल्या ग्रामविकास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
कोकणातल्या गावोगावची मुंबईस्थित ग्रामविकास मंडळे

सप्रेम नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण करून सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारला लिहून दिलेल्या बंधपत्राची एक वर्षाची सेवा करते आहे. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला होते, तो बंद पडल्यावर गावी आले. आई शेती बघते आणि आंब्याच्या दिवसांत बागेत पेट्या भरायला जाते. बाबांनी मुंबई सोडली तरी मंडळाची वर्गणी कधी चुकवली नाही. म्हणून हे पत्र मी सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. सरकारकडे मागायचं ते आपण मागतच राहू. पण मला जे सांगायचं आहे ते काम भावकीनं आणि गावकीनं करायचं आहे, आणि आपल्या गावकीची निम्मी ताकद मुंबईत आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. डॉक्टर व्हायचं म्हणणारी जी मुलं-मुली तुमच्या गावात असतील, त्या प्रत्येकामागे मंडळाचा एक माणूस नावानिशी नेमा. दहावीचा निकाल लागल्यापासून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत त्या मुलाची चौकशी ही त्या माणसाची जबाबदारी. पैसे लागतील, पण ते थोडे. खरं काम माणसाचं आहे.

मंडळांनी केलेलं काही मी विसरलेले नाही. जूनमध्ये शाळेत मिळालेल्या वह्यांवर मी मराठी तिसरीपासून लिहिलं. आमच्या वाडीचा पाण्याचा नळ, शाळेचं पत्र्याचं छप्पर, स्मशानशेड, सगळं मंडळाच्या पैशातून झालेलं आहे. परळच्या दामोदर हॉलमध्ये नमनाचे प्रयोग लावून, घरोघर तिकिटं खपवून मंडळांनी निधी उभा केला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मंडळानं माझा सत्कार केला, शाल दिली, पाकीट दिलं. अध्यक्षकाका भाषणात म्हणाले, "आमच्या गावाला डॉक्टर मिळणार." टाळ्या वाजल्या. त्यानंतर थेट डॉक्टर झाल्यावरच मला मंडळाचा फोन आला, पुन्हा सत्कारासाठी. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मधल्या वर्षांत काय करायचं असतं हे कोणाला माहीत नव्हतं, एवढंच. ते माहीत व्हावं म्हणून लिहिते आहे.

बोर्डाच्या निकालात आपला कोकण विभाग स्थापनेपासून दरवर्षी राज्यात पहिला येतो. दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के होता, २०२५ मध्ये ९८.८२. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. आपल्या शिक्षकांचं आणि आपल्या आयांचं ते श्रेय आहे. पण डॉक्टरकीचा दरवाजा त्या निकालानं उघडत नाही. तो उघडते नीट, म्हणजे देशभरासाठी एकच असलेली मेडिकलची प्रवेशपरीक्षा. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०. प्रत्येकी चार मार्क, म्हणजे ७२० पैकी परीक्षा, आणि चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली. लातूरच्या मुलाला ही परीक्षा काय असते ते आठवीपासून ठाऊक असतं, कारण त्याच्या गल्लीत ती दिलेली चार मुलं राहतात. आमच्या वाडीत बारावी सायन्स झालेला माणूस नव्हता. मार्क वजा होतात ही गोष्ट मला अकरावीच्या मध्यावर, एसटीत भेटलेल्या एका मुलीकडून कळली.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली. सिंधुदुर्गनगरी आणि अलिबागला २०२१-२२ पासून, रत्नागिरीला २०२३-२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, प्रत्येकी शंभर जागांचं. आमच्या आधीच्या मुलांना मुंबई, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठावं लागायचं. गावी आले की लोक मला म्हणतात, आता काय, कॉलेज दारात आलं, आता आपली पोरं डॉक्टर होणार. मंडळी, तसं आपोआप होत नाही. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या गुणवत्ता यादीतून. जिल्ह्यातल्या मुलांसाठी त्यात वेगळी वाटणी नाही. रत्नागिरीच्या कॉलेजात नांदेडचा, लातूरचा, नगरचा मुलगा स्वतःच्या मार्कांवर येतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते आपल्याबद्दल: कॉलेजची इमारत जिल्ह्यात उभी राहणं आणि जिल्ह्यातलं पोर त्या यादीत लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी आपण अजून काहीच उभं केलेलं नाही.

आता कागदांबद्दल सविस्तर सांगते, कारण माझ्या माहितीतली मुलं अभ्यासाइतकीच कागदांवर अडली आहेत.

आम्ही कुणबी, म्हणजे इतर मागासवर्गात. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते देताना जिल्ह्याची पडताळणी समिती जुना पुरावा मागते: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. ज्याचे आजोबा मास्तर होते त्याला हे सोपं. माझे आजोबा शाळेतच गेले नव्हते. सातबारावर जात लिहिलेली नसते. बाबा तीन शाळांमध्ये फिरले. शेवटी शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत, कपाटाच्या तळच्या खणात, जुनं जनरल रजिस्टर निघालं. आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव त्यात होतं. पान पिवळं पडलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या आणि नोंद जुन्या मोडी लिपीत. गुरुजींनी पानाखाली पुठ्ठा सरकवला, तेव्हा कुठे ते उलटता आलं. मग रत्नागिरीत मोडी वाचणारे एक गृहस्थ शोधले. त्यांनी खिडकीशी बसून, भिंग धरून एकेक रकाना वाचून दाखवला: नाव, बापाचं नाव, धंदा शेती, जात कुणबी, आणि शेवटच्या रकान्यात, "गैरहजर सबब नाव कमी केले." बाबा बराच वेळ त्या रकान्याकडे बघत होते. आमच्या घराण्यातला शाळेत गेलेला पहिला माणूस तो, आणि त्याचं तेवढंच लिहिलेलं. पण त्या एका ओळीवर माझी जागा उभी राहिली.

हे सगळं झाल्यावर, पुढच्या गणपतीत, डोंबिवलीच्या चुलतकाकांनी सहज सांगितलं की त्यांच्या मुलाची व्हॅलिडिटी, म्हणजे हेच वैधता प्रमाणपत्र, इंजिनीअरिंगच्या वेळी निघाली होती. आमचे आणि त्यांचे पणजोबा एकच. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाचं वैधता प्रमाणपत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं असतं तर आमची निम्मी पायपीट वाचली असती. काकांना माहीत नव्हतं की आम्हाला ते हवं आहे, आणि आम्हाला माहीत नव्हतं की त्यांच्याकडे ते आहे. मंडळाच्या दप्तरात सभासदांची यादी असते, वर्गणीची पावतीबुकं असतात, तशी एक वही ठेवा. कोणत्या भावकीत कोणाची व्हॅलिडिटी झालेली आहे, कोणत्या शाळेच्या रजिस्टरात जुनी नोंद सापडली, मोडी वाचून कोणी दिलं. एवढंच लिहा. एका गावाच्या सगळ्या भावक्या मिळून ती वही दोन रविवारांत भरेल, आणि डॉक्टरच काय, नर्सिंगला, फार्मसीला, इंजिनीअरिंगला जाणारं प्रत्येक मूल ती वापरेल.

हा अर्ज अकरावीतच जायला हवा. नीटचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली तर प्रवेशफेरी थांबत नाही. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, हेही लक्षात ठेवावं लागतं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आणि आधार कार्डावरचं नाव व दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते बघणं. आपल्याकडे शाळेत एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरं, असं घराघरांत आहे. सेतूत, म्हणजे दाखले काढून देणाऱ्या केंद्रात, बसलेला मुलगा फॉर्म भरून देतो. कोणता कागद कधी लागेल हे तो सांगत नाही, ते त्याचं काम नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. मुलींच्या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे आणि तो कित्येक घरांपर्यंत पोचलेलाच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे; प्रवेश मात्र सरकारी प्रवेशफेरीतून झालेला हवा. "पोरीच्या डॉक्टरकीला कुठून आणायचे एवढे पैसे" असं म्हणून जे बाप गप्प बसतात, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. तरीही हॉस्टेल, मेस, पुस्तकं, ॲप्रन, प्रवासाचा खर्च राहतोच. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येतात तेव्हा सत्र संपत आलेलं असतं. आणि यादीत नाव लागल्यापासून कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत आमच्या घरात रोख रक्कम नव्हती. आईनं पाटल्या मोडल्या. मंडळाच्या खात्यात तेव्हा सभागृहासाठी जमवलेली ठेव होती, आणि उसने म्हणून मागितले असते तर कोणी नाही म्हटलं नसतं, असं खजिनदारकाका आज सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण मुलीच्या शिक्षणासाठी मंडळाकडे हात पसरायचा असतो ही रीतच आपल्याकडे पडलेली नाही. देवळासाठी, आजारपणासाठी, मयतासाठी आहे. ही नवी रीत तुम्ही पाडा: प्रवेशासाठी बिनव्याजी उसनवार, शिष्यवृत्ती आली की परत. ती मागायला बापाला यावं लागू नये, तुमचा नेमलेला माणूसच घरी जावा.

आणि खोली. परळ, लालबाग, गिरगाव, डोंगरीच्या चाळींतून आपल्या गावांच्या खोल्या आहेत. गिरणीत नाहीतर गोदीत काम करणारे वीस-वीस चाकरमानी त्यांत पाळीपाळीनं झोपायचे; आमचे आजोबाही त्यांतलेच. आज त्या खोल्यांत बरीचशी भांडी, ढोलकी आणि मंडळाचे बॅनर असतात. परळच्या खोलीपासून केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. १९२६ पासून ते कॉलेज तिथे आहे. शंभर वर्षं आपली माणसं त्या गेटातून आत गेली ती पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, वॉर्डबॉय आणि आया म्हणून. गावाहून पेशंट येणार म्हटलं की मंडळाचे दोघे जण रात्री दोनलाही स्टेशनवर हजर असतात, केसपेपर काढून देतात, रक्ताची सोय करतात. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. तीच धाव अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी का नको? परीक्षेच्या आदल्या रात्री राहायला, प्रवेशफेरीच्या दिवसांत, हॉस्टेल मिळेपर्यंतच्या पहिल्या महिन्यात. मुलींसाठी खोलीत सोय होत नसेल तर सभासदाच्या घरी. कोणाच्या घरी, हे आधी ठरलेलं असू द्या. मुलीचा बाप ओळखीच्या घराशिवाय तिला मुंबईत एक रात्रही ठेवत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर हेही. नीटमध्ये मार्क कमी पडले की पुन्हा बसावं लागतं. माझ्याबरोबर एमबीबीएसला असलेल्यांपैकी कितीतरी जण असे पुन्हा बसून आलेले होते. शहरात त्याला ड्रॉप घेणं म्हणतात आणि कोणी भुवई उंचावत नाही. वाडीत त्याला "पोरगी घरी बसली" म्हणतात. मी अभ्यास करत असताना आमच्या पडवीत स्थळं सांगणारी माणसं येऊन बसायची. मी माळ्यावर असायचे, खालचं सगळं ऐकू यायचं. आई त्यांना चहा द्यायची आणि एकच वाक्य बोलायची, "तिची परीक्षा होऊ दे." आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिच्यामागे गावातला एक जरी वजनदार माणूस उभा राहिला असता, तर तिला ते वाक्य इतक्या वेळा बोलावं लागलं नसतं. इथे मंडळाच्या शब्दाला फार किंमत आहे. अध्यक्ष गणपतीला घरी येऊन म्हणाले, "हिला अजून एक वर्ष द्या, मंडळ बघतंय," तर बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात. त्याला एक पैसा लागत नाही.

पहिल्या वर्षाबद्दल मंडळांना फारसं करता येणार नाही, पण ठाऊक असावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात पहिले काही महिने सगळं कळतं आणि बोलता काहीच येत नाही. ॲनाटॉमीचं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायचं, तोंडी परीक्षेत उत्तर मनात मराठीत तयार करून मग इंग्रजीत सांगायचं. घरी फोन केला तर काय सांगणार? शवविच्छेदनाच्या हॉलमधल्या वासाबद्दल आईला काय सांगायचं? दिवाळीच्या सुट्टीत सिनियरकडून घेतलेला हाडांचा संच मी गावी आणला होता. आईनं तो घरात घेऊ दिला नाही, पडवीच्या कोपऱ्यात ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी भात झोडताना मध्येच थांबून म्हणाली, "कोणाचं असेल गो ते? त्याच्या माणसांनी दिलं असेल ना तुम्हाला शिकायला?" मग संध्याकाळी त्या पिशवीपुढे तिनं उदबत्ती लावली. त्या वर्षी मला कॉलेज सोडून यावंसं अनेकदा वाटलं. राहिले ती एका सिनियर मुलीमुळे, जी दापोलीकडची होती आणि जिच्याशी मी आमच्या बोलीत रडू शकले. अशी सिनियर प्रत्येकाला मिळेलच असं नाही. पण तुमच्या मंडळात, शेजारच्या गावाच्या मंडळात, कुठेतरी एखादी नर्स, एखादा डॉक्टर, एखादा लॅब टेक्निशियन असतोच. त्याचा नंबर त्या मुलाला द्या, आणि त्यालाच सांगा, तू फोन कर. पहिल्या वर्षाचं मूल स्वतःहून करत नाही.

हे सगळं कशासाठी, तर मी जिथे बसते तिथून दिसतं म्हणून. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. इमारत असते, औषधं बऱ्यापैकी असतात, आणि डॉक्टर बंधपत्र संपलं की जातो. जाणाऱ्याला मी दोष देत नाही; त्याचं घर इथे नसतं. पण भातलावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्या बाईला "पोटऱ्या दुखतात का, पायाला कुठे कापलंय का, चिखलात किती दिवस उभी आहेस" हे कोणी न सुचवता विचारायला चिखलात उभं राहिलेलं असणं उपयोगी पडतं. लेप्टोस्पायरोसिस लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर किडनीपर्यंत जातो. दोडामार्ग भागात माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत कामाला कोण जातं, कधी जातं, हे ठाऊक असलेली माणसं लागली.

बाहेरून आलेला माणूसही हे करू शकतो, हे मला माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. रायगड जिल्ह्यात सरकारी नोकरीला आले, लाल विंचवानं चावलेली माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार बसवला. जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांनी तो छापला. महाडमध्येच राहिले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावला की मांत्रिकाकडे नेणारे आपले लोक दवाखान्यात यायला लागले ते त्यांच्यासारख्यांमुळे. कोकणावर त्यांचं ऋण आहे. पण दर पिढीत कोणी बावस्कर चालत येईल म्हणून आपण वाट बघत बसायचं का? आमच्या वाडीतलं, तुमच्या वाडीतलं जे पोर दहावीच्या सत्काराला शाल सावरत उभं असतं, त्यातलं एखादं तरी परत येईल. सगळी येणार नाहीत. काही मुंबईत राहतील, काही परदेशी जातील. तीही चालतील, मंडळाच्या वहीत त्यांचे नंबर राहतील.

देवळाचा जीर्णोद्धार थांबवा, असं मी म्हणत नाही. आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात आमच्या अंगणात येते तेव्हा मीही ओटी भरते. क्रिकेटच्या स्पर्धाही होऊ देत. मी मागते आहे ते या सगळ्याच्या शेजारी बसेल असं आहे: एक वही, एक उसनवारीचा निधी, राहायला एक ठरलेलं घर, आणि प्रत्येक मुलामागे एक माणूस.

तुमची सर्वसाधारण सभा गणपतीच्या आधी होईल. विषयपत्रिकेत हा विषय घाला, आणि "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" यात ढकलू नका. तिथपर्यंत येईतो अर्धी माणसं लोकल पकडायला निघालेली असतात. अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांची नावं गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे मिळतील. कागदांची यादी, कोणता कागद कोणत्या महिन्यात काढायचा त्यासकट, मी तयार केलेली आहे. आमच्या मंडळाच्या सचिवांकडे ती ठेवली आहे, कोणत्याही गावाला देतील. कोणी सभेला बोलावलं तर मी रजा काढून येईन. यायचा खर्च नको, आणि कृपा करून सत्कार ठेवू नका, तो वेळ मुलांच्या पालकांना प्रश्न विचारायला द्या.

आपली,
संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीची मुलगी,
वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जि. रत्नागिरी